चोवीसातल्या सहा प्लेटा

सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि टिचकीबाईंच्या हातात सतरावी प्लेट होती. डाव्या हाताच्या तीन बोटांवर प्लेट तोलायची, उजव्या हाताच्या नखानं कडेवर टिचकी मारायची, कान द्यायचा. नितळ नाद आला तर प्लेट उजवीकडे. आवाज बद्द आला तर डावीकडे, तडा दिसो वा न दिसो. चिनी मातीच्या जुन्या डिनर सेटांचा भाव ठरवून ते विकून द्यायचं काम त्या एकवीस वर्षं करताहेत. खरं नाव आता फक्त लाइट बिलावर उरलं आहे.

टेबलाच्या दोन टोकांना दोन जावा बसल्या होत्या. सासूबाईंचा सेट विकून पैसे निम्मे निम्मे वाटायचे, एवढ्या एकाच गोष्टीवर दोघींचं एकमत होतं. थोरली याच घरात राहते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या महिन्यात कपाटाची किल्ली तिच्याकडे आली, त्याला सहा वर्षं झाली. धाकटी दुसरीकडे राहते. आज रजा काढून आली होती.

अठरावी प्लेट उलटी करताना टिचकीबाईंच्या तोंडून निघून गेलं, "हा शिक्का वेगळा दिसतोय."

सगळे नग बघून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम. तो मोडला होता.

"वेगळा म्हणजे?" धाकटी उठून उभी राहिली.

अठरा प्लेटांचा शिक्का गडद निळा निघाला, सहांचा फिका. नक्षी तीच, पण या सहा नंतरच्या काळातल्या आणि हलक्या प्रतीच्या.

"चांगल्या सहा कुठं गेल्या, ताई? पाय फुटले त्यांना?"

"मला काय माहीत? मी शिक्के वाचत बसते का?"

"सहा वर्षं किल्ली तुमच्याकडे. आणि भावाचं हॉटेल आहे तुमच्या."

"भावाला मध्ये आणू नकोस."

"बाई, ताईंनाही एक टिचकी मारून बघा. खरा आवाज येतो का ते." धाकटीनं फोन उचलला. "यांना बोलावते. हॉटेलात जाऊन बघूनच येऊ."

थोरलीनं दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"फोन दहा मिनिटांनी करा," टिचकीबाई म्हणाल्या. फोन एकदा गेला की नंतर काहीही सिद्ध झालं तरी कुणी ऐकून घेणार नाही, हे त्यांना दिसत होतं. काय सिद्ध होईल हे मात्र त्यांनाही माहीत नव्हतं. कदाचित चोरीच.

प्लेटांच्या मधून काढलेले कापडाचे तुकडे त्यांनी पुढे ओढले. "हे कुणी घातले?"

"मीच. सासूबाई आजारी पडल्या त्या आठवड्यात, जुनी चादर कापून. ताईंना कुठलं सुचायला?"

"तेव्हा किल्ली कुणाकडे होती?"

"सासूबाईंच्या उशाखाली. मी मागून घेतली होती."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी प्लेटा नुसत्याच एकावर एक."

नुसत्या रचल्या की वरच्या प्लेटचं खरबरीत बूड खालचीची झिलई घासतं आणि करडं वर्तुळ उमटतं. मध्ये कापड असलं की उमटत नाही. फिक्या शिक्क्याच्या प्लेटांचं बूड एक सेंटिमीटरनं मोठं होतं. गडद शिक्क्याच्या एखाद्या प्लेटवर ते मोठं वर्तुळ सापडलं, तर त्या सहा कापडाच्या आधीपासून, म्हणजे थोरलीकडे किल्ली येण्यापूर्वीपासून कपाटात होत्या. नाही सापडलं, तर धाकटीचा संशय तसाच राहणार होता.

त्यांनी हे दोघींना सांगितलं आणि दिवा तिरका केला. पहिलीवर लहान वर्तुळ. दुसरीवर लहान. पाचवीपर्यंत लहानच. सहावी कोरी, म्हणजे ती चळतीत सगळ्यात वर असणार. सातवी, आठवी, पुन्हा लहान. धाकटीचा अंगठा फोनवर होता.

नववीवर त्यांनी पट्टी लावली. मग पुन्हा लावली.

"ती फिकी प्लेट द्या इकडे. नको, तुम्हीच ठेवा हिच्यावर."

धाकटीनं ठेवली. बूड वर्तुळावर बरोबर बसलं. पुढच्या नऊ प्लेटांत अशा आणखी तीन निघाल्या.

"तुमचं कापड मध्ये आलं त्याच्या आधीपासून या इथं आहेत," टिचकीबाई म्हणाल्या. "कुणी बदलल्या ते प्लेटा सांगत नाहीत."

"म्हणजे सासूबाईंनीच?" धाकटी अडखळली. "ताई, मी काही तसं म्हणत नव्हते."

"तू तसंच म्हणत होतीस." थोरली टिचकीबाईंकडे वळली. "लिहून द्या. तारीख घाला, सही करा."

"पावतीच्या मागे लिहू?"

"वेगळ्या कागदावर. मोठ्या अक्षरात."

टिचकीबाईंनी चार ओळी लिहिल्या. सेट मिश्र ठरल्यानं भाव एक तृतीयांशानं उतरला, त्यावर दोघींपैकी एकीनंही घासाघीस केली नाही. थोरलीनं कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला, दीर आले की नजरेला पडेल इतक्या उंचीवर.

उद्या सकाळी दहा वाजता टिचकीबाईंना तीन भावांच्या घरी बेचाळीस नगांचा टी-सेट बघायला जायचं आहे.