मार्थाआत्याबाईंचा निरोप समारंभ

लोक रडतील असं भाषण मी आयुष्यात एकदाच दिलं, आणि तेच द्यायला नको होतं. तेव्हा मी तिशीची, राळेगावकडच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीच्या स्त्री-संघाची नवी सेक्रेटरी. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, पर्समध्ये काही नाही. डोक्यातही तेवढंच. पाळकबुवा म्हणाले होते, निरोपाचे दोन शब्द बोला. दोन शब्दांत थांबेल ती एस्तर कसली!

निरोप होता मार्थाआत्याबाईंचा. त्या शमुवेलभाऊंची बहीण, म्हणजे त्यांच्या पोरांची आत्या. पण सगळी मंडळीच त्यांना आत्याबाई म्हणायची. उंच, वाळक्या, कापूस वेचून बोटांची टोकं चिरलेली. भावजय बाळंतपणात गेली तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून भावाकडे आल्या, त्या राहूनच गेल्या. चूल भावाची, पोरं भावाची, वावर भावाचं.

आमच्याकडे पाडव्याला सालगड्याचं साल संपतं. मालक ख्रिस्ती असला तरी साल पाडव्यालाच. शमुवेलभाऊ गड्याला ओट्यावर बसवून विचारायचे, "राह्यतं का जातं?" आणि आत्याबाई आतून दोघांना चहा आणून द्यायच्या. त्याच आठवड्यात त्या स्त्री-संघात जुन्या करारातला दासांचा कायदा शिकवायच्या. सहा वर्षं राबलेल्या दासाला सातव्या वर्षी मोकळा सोडायचा. पण तो म्हणाला, माझं धन्यावर प्रेम आहे, मी जात नाही, तर त्याला दारापाशी नेऊन आरीने कान टोचायचा. मग तो जन्माचा त्या घरचा.

"आत्याबाई, माह्या सासूनं तं नाकच टोचलं, कान राह्यलाच!" कुणीतरी म्हणायची आणि आम्ही खिदळायचो.

"हासा वो, हासा. पन पाह्यजा, देवानं धन्याले पहिले 'जाय' म्हनाले लावलं, मंग त्या दासाचं प्रेम मोजलं. येशूनं बी आपल्याले पहिले मोकळं केलं अन् मंग इचारलं, माह्यासंगं येतं का? ज्याले जाताच येत नाही, त्याचं थांबनं कायले मोजता?"

मी डोकं हलवत ऐकायची. मला त्यातला फक्त कान आवडला होता. भाषणात काय शोभेल!

पोरं मोठी झाली आणि यवतमाळच्या एका मुलींच्या वसतिगृहातून आत्याबाईंना बोलावणं आलं. पोरींची देखभाल करायची, राहायला खोली. मी भेटायला गेले तर पत्र्याची पेटी भरून तयार. दोन लुगडी, पवित्र शास्त्र आणि एक नवा कोरा आरसा.

"आरसा कायले वो आत्याबाई? नवरदेव येऊन राह्यला का?"

"चूप वं! तिथं खोलीले आतून कडी हाये म्हनते." मग तोंडावर पदर धरून पोरीसारख्या हसल्या. "कडी लावून पाहीन नं येखांद्यावेळी, मी कशी दिसतो ते."

त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. भाऊंनी 'नको' म्हटलं नव्हतं. फक्त ताटावरून अर्धपोटी उठायला लागले होते.

रविवारी उपासना झाली. आत्याबाईंच्या गळ्यात हार पडला आणि मी उठले. "यांचा कान भावाच्या दाराला कधीचाच टोचलेला आहे! प्रेमानं थांबलेली ही दासी, हिला जा म्हटलं तरी ही जाईल कशी?" पुढचं वाक्य पाठ केलं होतं, की आता प्रभू त्यांना मोठ्या घरी नेतो आहे. ते माझ्या तोंडातच राहिलं. शमुवेलभाऊ लहान पोरासारखे रडायला लागले. "मार्थे, नोको जाऊ मंग," म्हणाले. टाळ्या पडल्या. पाळकबुवांनी तिथल्या तिथे उपकारस्तुतीची प्रार्थना केली. आत्याबाईंनी तोंड उघडलं, सगळ्यांकडे पाहिलं आणि मिटलं. मग निरोपाचं जेवण झालं. हार काढून वाढायला त्याच उठल्या.

आणि ही शहाणी घरी जाऊन नवऱ्याला काय सांगते? "पाह्यलं? माह्या दोन शब्दांनी बाई थांबली!" वर्षभर मिरवत होते मी.

पुढच्या पाडव्याला आत्याबाईंनी आम्हाला एक स्तोत्र शिकवलं. तो कायदा त्यांनी परत कधी काढला नाही. कुणी विचारलंही नाही. भाऊ गेले. भाच्यांच्या बायका आल्या, चूल त्यांची झाली, भांडी आत्याबाईंकडे राहिली. शेवटी शेवटी त्यांची खाट कापसाच्या खोलीत गेली. गंजी वाढली की खाट भिंतीकडे सरकायची.

गेल्या हिवाळ्यात त्या तिथेच वारल्या. आदल्या आठवड्यात मी गेले होते. तोवर मीही दात नसलेली म्हातारी. पण सवय जाते का? त्यांचा हात हातात घेतला आणि सुरू झाले, "आत्याबाई, तुम्ही प्रभूची खरी दासी..."

त्यांनी हात सोडवून घेतला.

"एस्तर, गप बस. तुह्यावर राग नाही माहा. तू बोलली ते खोटं हाये, येवढं उभं राहून सांगाले मीच भेली. आता प्रभू इचारीन, मार्थे, प्रेमानं थांबली का भेवानं? त्याले काय सांगू? तूच सांग. तुले तं बोलता येते."