खोल काप

प्रयोगशाळेत तिला सगळेच ताई म्हणत. त्यामुळे घरी धाकट्या भावाने ताई म्हटलं, तरी तिला कामावर असल्यासारखं वाटे.

काम एकच, सव्वीस वर्षांचं. रुग्णांच्या मोठ्या आतड्यातून काढलेले कोंब, डॉक्टरांच्या भाषेत पॉलिप, कुणाचा वाटाण्याएवढा, कुणाचा मसुरीएवढा, मेणाच्या वडीत बसवायचे. यंत्राचं चाक फिरवून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे. कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे. रंगवलेली काच मग कर्करोग आहे का ते पाहायला डॉक्टरबाईंकडे. वडीवरचा आकडा तेवढा ती वाची. कागदावरचं नाव कधीच नाही. म्हणे, "नाव वाचलं की हात कापतो."

घरी मात्र जीभ सैल. एकदा जेवताना ती भावाला म्हणाली होती, "वडी परत आली आणि चिठ्ठीवर 'खोल काप' असलं, म्हणजे आणखी आतले काप मागितले, की समजायचं, बाईंना काहीतरी डाचतंय."

"आमच्या बसच्या खडखडाटासारखं," बसचालक भाऊ म्हणाला. "उघडल्याशिवाय कळत नाही."

सोमवारी त्याचाच कोंब काढला. संध्याकाळी स्वारी दारात हजर. "ताई, माझा माल तुझ्याच हाताखालून जाणार. आकडा सोपाय, चारशे बारा."

"गधड्या, सांगू नकोस म्हटलं होतं ना?"

तिने कान झाकले, पण उशीर झाला होता.

गुरुवारी सकाळी एकच वडी परत आली. चारशे बारा. चिठ्ठीवर दोनच शब्द.

कित्येकदा खोलातही काही निघत नाही, हे तिला ठाऊक होतं. कित्येकदा निघतं, हेही. मेण घट्ट व्हावं म्हणून वडी तिने बर्फावर ठेवली. कोंबाचा आता तांदळाच्या कणीएवढा तुकडा उरला होता. चाक जरा जास्त फिरलं, तर बघायलाही काही राहणार नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, माझं गेलं ना पुढे?"

'गेलं' म्हणायला काय लागत होतं? पण लहानपणापासून त्याच्याशी खोटं बोलणं तिला कधी साधलं नव्हतं.

"परत आलंय."

पलीकडे इंजिन घरघरत होतं. मग ते बंद झालं.

"खोल काप?"

"हं."

"बरं," तो म्हणाला. "मग सावकाश घे. मागून कुणी भोंगा वाजवत नाहीये."

तिने ओले हात पुसले आणि चाक धरलं. काप निघाले, एकामागून एक, सरळ, न चुरगळता.

दुपारी काच ती स्वतःच घेऊन गेली. एरवी बाई नुसतं "ठेवा" म्हणत. आज त्यांनी भिंगाला लावलेला डोळा बराच वेळ काढलाच नाही. नंतर शेजारचा कागद पुढे ओढला.

"ताई, इथे जवळचं माणूस म्हणून तुमचं नाव लिहिलंय," त्या म्हणाल्या. "दार लावून घ्या."