दहा सेंटिमीटरनं बुटकं ऑफिस

आधी जोशीकाकूंचं नाव घेतो. काकांच्या बँकेतल्या बदलीमुळे त्या कोलकात्यात आल्या. पूर्वी नर्स होत्या, आता गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत. मी त्यांच्याच इमारतीत राहणारा, नववीत शाळा सोडलेला. मला उंची-वजन तपासायचं हे काम त्यांनीच शिकवलं, स्वतःच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं करून.

हिशेब सोपा आहे. मीटरमधली उंची त्याच उंचीनं गुणायची. आलेल्या आकड्याला एकदा साडेअठरानं गुणायचं, एकदा तेविसानं. मोठ्या माणसाचं वजन या दोहोंच्या मधे असलं की साधारण ठीक. हा अंदाज, निदान नव्हे.

त्या दिवशी सेक्टर फाइव्हमधल्या एका ऑफिसात हेल्थ कॅम्प होता. माझी ट्रायल. "आज गडबड केलीस तर उद्या गावची गाडी," घोषदा, म्हणजे आमचे साहेब, हसत म्हणाले होते. मला काही हसू आलं नाही.

आणि पहिल्यापासून जो येईल तो ओव्हरवेट! त्या ऑफिसातल्या मौशुमीदी तर चांगल्या सडपातळ. वजन सत्तावन्न, आणि माझ्या हिशेबानं हवं जास्तीत जास्त बावन्न.

"काय रे दादा, दुपारचा भातही बंद करू का आता?" त्यांनी विचारलं. मागची रांग खो खो हसली.

कोपऱ्यात जाऊन काकूंना फोन लावून सगळं सांगितलं.

"काटा तपासलास?"

"सकाळीच. बरोबर आहे."

"मग तू स्वतः उभा राहा. माझ्या चौकटीवर किती होतास?"

"एकशे अडुसष्ट."

भिंतीवरच्या टेपखाली उभा राहिलो. एकशे अठ्ठावन्न!

"काकू, मी आखडलो!"

"अरे, टेप आखडली असेल. खाली बघ!"

खाली बघितलं. भिंतीच्या पायथ्याशी टाइल्सची पट्टी होती. टेप तिच्यावर नीट चिकटेना म्हणून शून्य जमिनीऐवजी दहा सेंटिमीटर वर, पट्टीच्या वरच्या कडेला धरून लावली होती. लावली कुणी? घोषदांनी. आता साहेबांना सांगायचं कसं?

"दादा, जमीन... जमीन खाली राहिली," मी कसंबसं म्हणालो.

घोषदा वाकले, बघत राहिले आणि कपाळावर हात मारून एवढ्या जोरात हसले की पॅन्ट्रीतली माणसं बाहेर आली. टेप उतरवली, सगळ्यांना पुन्हा उभं केलं. मौशुमीदी एकशे साठ भरल्या. मर्यादा जवळजवळ एकोणसाठ. "भात चालू!" त्या ओरडल्या आणि टाळ्या पडल्या.

"उद्या सकाळी वेळेवर ये," संध्याकाळी घोषदा म्हणाले. ट्रायल संपली होती.

माणूस जाड ठरवण्याआधी जमीन कुठे आहे ते बघावं, एवढं शिकलो.

काकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन व्हायचंय. त्यानंतर त्या पहिल्यांदा जिना उतरतील, तेव्हा धरायला हात माझा असेल. हा माझा शब्द.