खलीलची गाडी

बसाप्पा कुणाच्याही घरी गेला, की उंबऱ्यावर थांबून आधी ते दार दोनदा उघडून-झाकून बघायचा आणि मगच आत यायचा. येडशीला माझ्या खोलीवर तो पहिल्यांदा आला तेव्हाही त्यानं हेच केलं. मी शाळेतला चित्रकलेचा मास्तर आणि तो सुतार. न्हाव्याचं लक्ष जसं समोरच्याच्या डोक्याकडे जातं, तसं याचं दाराकडे जात असेल, असं मी धरून चाललो. पुढं दोन वर्षं मी त्या सवयीची यथेच्छ थट्टा केली. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तो मूळचा माकणीचा, घरात अर्धं कानडी बोलणारा. पोटासाठी फौजेत गेला आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर रणगाडे दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात सुतारकाम करू लागला. माणसं कमी पडली की लोखंडाचं कामही त्याच्याच गळ्यात पडे. लढाई संपल्यावर त्यानं स्टेशनाजवळ दुकान टाकलं. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. दिवसभर तो पेरणीच्या तिफणी आणि दारांच्या चौकटी करी, आणि कामं आटोपली की रणगाडे करायला बसे. अंग सागवानाचं, पट्टे रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचे, कडीला कडी जोडून केलेले. खऱ्याचा एक फूट म्हणजे याचा एक इंच. हातभर लांबीच्या त्या रणगाड्याचा बुरूज फिरे, तोफ वरखाली होई, झाकणं उघडून आतली बैठक दिसे. तो रणगाडा म्हणत नसे, गाडी म्हणे. सगळी मापं त्यानं कारखान्यात स्वतःच्या गजानं घेऊन एका मळक्या वहीत उतरवलेली होती. सुतार लोक इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. बसाप्पाला पाव सुताचाही फरक खपत नसे.

"म्या हातानं मोजलं न्हाय, ते म्या करत न्हाय," हे त्याचं ठरलेलं वाक्य. एकदा कचेरीतला पेशकार, म्हणजे साहेबांचा खास कारकून, आला आणि साहेबांच्या मुलाला खेळायला मोठ्या सरकारी मोटारीचा नमुना करून दे म्हणाला. त्या काळी पेशकाराला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. बसाप्पानं रंधा न थांबवता सांगितलं, की मोटार इथं दारात आणा, मोजतो आणि मग करतो. पेशकारानं ठेवणीतल्या चार उर्दू शिव्या हासडल्या आणि तो निघून गेला. घाम मला फुटला होता. मीही त्यातून सुटलो नाही. वर्गासाठी मी मनानंच काढलेलं चिंचेचं झाड बघून त्यानं विचारलं होतं, "मास्तर, हे झाड तुमी कुठं बघितलंय?"

एक दिवस तो कोरा कागद घेऊन आला. भूमच्या महेबूबचाचांना पत्र लिहायचं होतं. चाचा पिंजारी, कापूस पिंजणारे. त्यांचा मुलगा खलील बसाप्पाच्याच आघाडीवर रणगाडा चालवायचा आणि लढाईत त्या रणगाड्यातच गेला होता. तो लढता लढता क्षणात गेला, त्याला काही त्रास झाला नाही, असं सरकारी पत्र चाचांना आलेलं होतं. बसाप्पानं लिहायला सांगितलं ते एवढंच, की खलीलची गाडी करतोय, एकदा येऊन बघा. मी विचारलं, त्यांना आणखी काही सांगायचं नाही का? "तोंडानं सांगता येत न्हाय, म्हणून तर करतोय," तो म्हणाला. मला वाटलं, मित्राचं दुःख बोलून दाखवता येत नसेल. याहून खोलात जायची मला गरज वाटली नाही.

त्या गाडीला त्याला आठ महिने लागले. चाचा बार्शीवरून रेल्वेनं यायचे होते त्या दिवशी बसाप्पा त्यांना आणायला स्टेशनावर गेला आणि मी दुकानात बसून राहिलो. गाडी समोरच होती. सगळी झाकणं मऊ उघडत होती. फक्त चालकाच्या डोक्यावरचं तेवढं हलेना. माझा जीव हळहळला. बाप येणार आणि त्याला मुलाची जागाच दिसणार नाही. बसाप्पाची नजर हल्ली कमी झाली होती, तेव्हा हे त्याच्या हातून राहून गेलं असणार, असं मी ठरवून टाकलं. बिजागरीची खीळ उपसली, कानशीनं घासली, तेल सोडलं आणि परत बसवली. झाकण एका बोटानं उघडू लागलं. आतल्या बाजूला बारीक पोचे दिसले. ठोकाठोकीत पडले असतील म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही. उलट स्वतःवर फार खूश झालो.

चाचा आले. सुकलेले, स्वच्छ कपड्यातले म्हातारे गृहस्थ. बसाप्पा पाणी आणायला मागं वळला तेवढ्यात मी पुढं होऊन त्यांना खलीलची बैठक दाखवली. त्यांनी झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बराच वेळ ते तेच करत होते. मग त्यांनी विचारलं, "हे तर बोटानं उघडतंय बेटा. मग माझं लेकरू भाईर का आलं न्हाय?"

बसाप्पा तांब्या घेऊन दारात उभा होता. त्यानं झाकणाकडं पाहिलं, नंतर माझ्याकडं पाहिलं. तांब्या खाली ठेवला आणि चाचांच्या पायाशी बसला.

"ते उघडत न्हवतं, चाचा. हे आत्ता कुणीतरी मोकळं केलंय. तिकडं खऱ्या गाडीच्या झाकणाची खीळ वाकली होती, नवी म्या घातली. घट्ट बसली. खलील म्हनला, लई जोर लावावा लागतोय. म्या म्हनलो, नवं दार घट्टच असतंय, चार दिस उन्हात राहिलं की मोकळं होतंय. लाकूड उन्हानं आकसतंय. लोखंड फुगतंय. हे मला ठावं न्हवतं आसं न्हाय. त्या येळेला ध्यानात आलं न्हाय. पेटल्यावर गाडी वढून आणली, तवा झाकणाला आतनं पोचे होते. म्या ते मोजले."

चाचांनी झाकणाच्या आतून बोट फिरवलं. एकेका पोच्यावर ते थांबत होते. शेवटी ते म्हणाले, की ही गाडी अशी नको, होती तशी करून द्या. बसाप्पानं माझी खीळ काढली, जाड खीळ घातली आणि हातोडीनं बसवली. चाचांनी नखानं ओढून पाहिलं. हललं नाही. गाडी धोतराच्या फडक्यात बांधून ते उठले. पाण्याला त्यांनी हात लावला नाही.

दारात ते वळले. "सरकारी कागदात खोटं लिवलं होतं, त्येच्यावर म्या तीन वर्षं झोपलो," ते म्हणाले. "आता तुमच्या खऱ्यावर झोप लागती का बघतो." ते एकटेच स्टेशनाकडे गेले.

मी बसाप्पाची माफी मागायला लागलो, तर तो म्हणाला, "तुमी इचारलं न्हाय, मास्तर," आणि रंधा हातात घेतला. त्यानंतर तो माझ्या खोलीवर कधी आला नाही. उरलेल्या गाड्या त्यानं मोडल्या. सागवान कुणाच्या तरी पाटाला लागलं, पत्रा भंगारात गेला. हात झटकून सगळे मोकळे होतात तशी मीही बदली मागून घेतली. हा भ्याडपणा होता, दुसरं काही नाही.

बसाप्पा वारल्याचं मला उशिरा कळलं. त्याच्या घरी भेटायला गेलो तर त्याच्या बायकोनं पेटीतून एक पुडी काढून दिली. तुमची हाय म्हणत होते, एवढंच ती बोलली. मला वेड्यासारखं वाटलं, की त्यानं मला माफ केलं असेल. रस्त्यावर येऊन पुडी सोडली. त्या मळक्या वहीचं पान होतं आणि आत मी घासलेली खीळ होती. पानावर पेन्सिलीनं, त्याच्या त्या टोकदार अक्षरात लिहिलं होतं: मास्तरांची खीळ. पाव सूत कमी.

माझी चूकही त्यानं हातानं मोजून ठेवली होती.