कोरड्या विटा

मारेगावच्या पुढे मिशनच्या आवारात, आईवडील गेलेल्या मुलींसाठी तीन खोल्या बांधायच्या होत्या. कापसाच्या कर्जानं घरंच्या घरं रिकामी केली ती वर्षं. परदेशातल्या एका चर्चचे अकरा स्वयंसेवक दोन आठवड्यांसाठी आले, आणि मी दुभाषी म्हणून. इंग्रजी शाळेत शिकले होते, एवढंच. चारचौघांत बोलायची मला धास्ती. दुसऱ्याचं बोलणं बोलायचं म्हणून हो म्हटलं.

एप्रिल होता. पाण्याचा टँकर दिवसाआड यायचा. पहिल्या दिवशी मिस्त्रीनं विटा टाकीत भिजत घातल्या, तेव्हा पथकाच्या प्रमुख बाई कळवळल्या. मुलींनी हंडे वाहायचे आणि पाणी विटांनी प्यायचं? बंद करा म्हणाल्या. मी ते गोड मराठीत मिस्त्रीला सांगितलं.

"अवं पोरी, कोरडी ईट सिमेटाच्या मसाल्यातलं पानी पिऊन घेते. मंग भित धरीन कायची? सांग न त्याईले!"

मी सांगितलं. हळू आवाजात, दोनदा सॉरी म्हणून. बाई हसल्या. "देव सांभाळेल."

तेही मी मराठीत सांगितलं.

"त्याईचा देव सुतार होता म्हन्ते," मिस्त्री म्हणाला. "गवंडी असता तं असं नसता बोलला."

हे मात्र मी इंग्रजीत सांगितलं नाही.

आठव्या दिवशी पहिल्या खोलीची कोरड्या विटांची भिंत खांद्याला लागली. येत्या रविवारी खोल्यांचा अर्पणविधी, म्हणजे उद्घाटनाची प्रार्थना होती. आठव्या दिवशीच दुपारी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आपली पत्र्याची पेटी घेऊन आली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"ताई, माही खाट इथंच राहीन. पाह्य, रेती निंगून राह्यली." ती नखानं सांधा खरवडत होती. सांधा भुरभुर गळत होता.

मी वरची वीट धरली. ती उचलून हातात आली. खाली मसाल्याचा कणही चिकटला नव्हता. दुसरी काढली. तिसरी. मग थांबले नाही.

बाई धावत आल्या. "हे काय? मिस्त्रीला सांग, रविवारच्या आत..."

"मी कोणालाही काही सांगणार नाही," मी इंग्रजीत म्हटलं. आवाज फाटला, फाटू दिला. "ही मी बोलते आहे. या भिंतीखाली ही झोपणार आहे. तुम्ही सोमवारी विमानात असा नाहीतर मंगळवारी, ती इथेच असेल. भिंत उतरवायची."

"आम्ही मुलींचं पाणी वाचवलं," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मला वाईट वाटलं. तरी मी विटा काढत राहिले.

मिस्त्री पलीकडून उतरवायला लागला. "भांडता येते का तुले! मले वाटे निस्तं थँक्यूच येते."

शेजारच्या शेतातल्या विहिरीचं गढूळ पाणी विटांना चालत होतं. शेतकऱ्याला विचारायचं कोणाला सुचलंच नव्हतं. मी जाऊन विचारलं. त्यानं मोटर सुरू केली.

अर्पणविधीच्या फोटोत भिंत गुडघ्याएवढी आहे, ओल्या बारदानाखाली झाकलेली. पथक तसंच परतलं. बाकीचं काम मिस्त्रीनं पावसाआधी पुरं केलं, आणि ती खाट त्याच भिंतीला लागली.

नंतर मिशनच्या कार्यालयानं माझ्याकडून माफीचं पत्र मागितलं. पाहुण्यांचा अपमान झाला म्हणे. इंग्रजीत हवं होतं. मला इंग्रजी उत्तम येतं. ते पत्र मी लिहिलं नाही.