ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून

माझ्या भावाचा पहिला ट्रम्पेट वडिलांनी विहिरीजवळच्या दगडावर ठेवून कुदळीच्या पाठीने चेचला. त्याआधी त्यांनी भावाला कासऱ्याने मारलं होतं. तो निंबाला टेकून उभा होता, सदरा पाठीला चिकटलेला, आणि मार खाताना हूं की चूं न करणारा तो ट्रम्पेटवरच्या प्रत्येक घावाला गुरासारखा हुंबरत होता. पितळ मऊ असतं. तीन-चार घावांत त्याचा पत्रा झाला. मी शेवंतीची पाटी घेऊन जागच्या जागी उभी राहिले. आई भाकरी थापत होती, ती उठलीसुद्धा नाही. वडील चिडले की मध्ये पडणाऱ्यालाही बसायची, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला आमचा मळा. थोडी भाजी, बाकी फुलं. माल घेऊन आई आणि मी पहाटेच गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बाजारात जायचो. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा, सातपूरला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. वडिलांचं म्हणणं एवढंच होतं की शेतकऱ्याच्या पोराने लोकांच्या वरातीपुढे वाजवत फिरायचं नाही. "तुझ्या बहिणीला कोण करून घेईल?" असं ते विचारायचे, आणि उत्तराची वाट न पाहता हात उचलायचे.

भावाला ही ओढ लागली ती नाशिक रोडला. नाताळच्या आधी एका चर्चमध्ये फुलं पोचवायला गेला होता. आत एक म्हातारे ख्रिस्ती गृहस्थ ट्रम्पेट वाजवत होते. तरुणपणी मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतून जॅझ वाजवलेला माणूस, आता मुलीकडे येऊन राहिलेला. भावाने फुलं खाली ठेवली आणि संध्याकाळ झाली तरी घरी आला नाही. पुढे दर रविवारी तो त्यांच्याकडे जाऊ लागला. आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणायचो. अंकलही काही मऊ नव्हते. चुकीचा सूर लागला की ते छडीने त्याच्या पोटात टोचायचे, कारण त्यांच्या मते सूर तोंडातून नाही, पोटातून निघतो. घरी पाठीवर वळ आणि रविवारी पोटावर, असे त्याचे ते दिवस गेले.

चेचलेला ट्रम्पेट भावाने पोत्यात घालून अंकलना नेऊन दाखवला. त्यांनी स्वतःचा जुना त्याला दिला. तो घेऊन भाऊ घरी आला, वडिलांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ह्याला हात लावला तर मी हात लावीन." वडील उठले. दोघं एकमेकांसमोर इतके जवळ उभे होते की आता एक जण मरणार असं मला वाटलं. मग वडील मोटर चालू करायला निघून गेले. त्या दिवसानंतर त्यांनी भावाला मारलं नाही, आणि त्याच्याशी बोललेही नाहीत.

त्याने लेथ सोडली आणि बँडमध्ये गेला. दोन-तीन हंगामांत बँडचा मुख्य वाजवणारा झाला. त्याचं वाजवणं दुरून ओळखू यायचं. तो कधीच वेळेवर सुरू करायचा नाही. ढोल पुढे जाऊ द्यायचा, लोकांना वाटायचं हा चुकला, आणि मग मागून येऊन तालावर झडप घालायचा. चाल सगळ्यांच्या ओळखीची, सिनेमातलीच असायची. पण दुसऱ्या फेरीला तो तिला सोडून द्यायचा. वर चढत जायचा, अजून वर, आणि अगदी टोकाला सूर फाटायचा. नवं कापड टरकन फाटावं तसा. तो मुद्दाम फाडायचा. मी एकदा विचारलं की तिथे नीट का वाजवत नाहीस, तर म्हणाला की नीट वाजवलं की कुणी मागे वळून बघत नाही. कधी ट्रम्पेटच्या तोंडासमोर नारळाची करवंटी धरून ती उघडझाप करायचा, तेव्हा ट्रम्पेट माणसासारखा कण्हायचा.

वरातीत मारामाऱ्या नेहमीच्याच. दारू पिऊन नाचणारे, हव्या त्या गाण्यासाठी कॉलर धरणारे, क्वचित चाकू. बँडवाल्यांची एक रीत होती. भांडण लागलं की आधी वाद्यं टेम्पोखाली सरकवायची, मग स्वतः वाकायचं. भावाच्या डोक्यात एकदा बाटली बसली होती, तरी हातातला ट्रम्पेट त्याने पोटाशी घट्ट धरला होता.

माझं लग्न त्र्यंबकच्या वाटेवरच्या एका गावात ठरलं. मुलगा कंपनीत होता, स्वभावाने गरीब. भावाने सांगून टाकलं की बहिणीच्या लग्नात दुसरं कुणी वाजवायचं नाही. वडिलांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मांडव आमच्याच मळ्यात होता. दुपारी नवरदेव मारुतीच्या पारावरून घोड्यावर निघाला आणि पुढे माझ्या भावाचा बँड.

मी पिवळी साडी नेसून, मुंडावळ्या बांधून घरात बसले होते. ट्रम्पेट जवळ येत होता. त्याने चाल सोडली ते मला कळलं, चढायला लागला तेही कळलं. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा वर गेला. आणि सूर फाटायच्या आधीच तुटला. कुणीतरी दार लोटून घ्यावं तसा. मागोमाग ढोल थांबला. मग बायकांचा आरडाओरडा.

मी धावत बाहेर आले. काय झालं ते लोकांनी नंतर सांगितलं. नवरदेवाच्या चुलतभावाला नाचायला तीच चाल पुन्हा हवी होती. भावाने ऐकलं नाही, म्हणून त्याने वाजत्या ट्रम्पेटवर समोरून तळहाताने जोरात दणका दिला. ओठांना लावलेला माउथपीस भावाच्या तोंडात घुसला. मी पोचले तेव्हा त्याचा वरचा ओठ मधोमध फाटून लोंबत होता आणि हनुवटीवरून रक्त ट्रम्पेटच्या बटणांवर गळत होतं. त्याने तोच ट्रम्पेट दोन्ही हातांनी धरून त्या माणसाच्या कानशिलावर हाणला. मग जे झालं त्याला हिशेब नाही. खुर्च्या, ढेकळं, चपला. पाहुणे मांडवाचे बांबू उपसत होते. त्यात मला माझे वडील दिसले. त्यांच्या हातात बांबू होता, आणि चुलतभाऊ खाली पडलेला असतानाही ते त्याच्या हातावर, ज्या हाताने त्याने दणका दिला होता त्याच हातावर, मारत होते. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. चौघांनी त्यांना मागे ओढलं.

आणि नवरदेव घोड्यावर बसून होता. घोडा बिथरून गोल फिरत होता, तरी तो बसून होता.

मी भावाला धरून फुलांच्या टेम्पोत घातलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर, पिवळी साडी पोटापासून खाली लाल. दवाखान्यात ओठाला टाके पडले. समोरचे वरचे दोन दात गेले होते, तिसरा हलत होता. संध्याकाळी दोन्हीकडची वडीलधारी माणसं तिथेच आली. मुहूर्त टळला तरी उद्या साधेपणाने उरकू, पोरीची अब्रू राहील, असं म्हणाली. वडील पोलीस ठाण्यात होते, म्हणून उत्तर मलाच द्यायचं होतं.

"तो घोड्यावरून उतरला असता तर केलं असतं," मी म्हणाले.

पुढे दोन्हीकडच्या तक्रारी मागे घेतल्या गेल्या. लग्न मोडलं ते मोडलंच.

ओठ भरून आला, पण मध्ये गाठ राहिली. नवे दात बसवले, तरी ट्रम्पेट लावला की नुसती हवा. भाऊ रोज विहिरीमागे जायचा, फुंकायचा, आणि मग भिंतीवर मुठी आपटायचा. त्या काळात तो वडिलांसारखा दिसायला लागला होता. एकदा मी म्हणाले की लेथवर परत जा. त्याने माझ्या तोंडात मारली. मी माल तोलत होते. हातातलं किलोचं वजन मी त्याच्या खांद्यावर फेकून मारलं. तो खाली बसला आणि रडायला लागला, मीही रडले. वडील दारातून बघत होते. त्यांनी फक्त वजन उचललं आणि पारड्यात ठेवलं.

शेवटी अंकलच रिक्षा करून मळ्यात आले. त्यांनी भावाचा ओठ बोटांनी दाबून दाबून तपासला, तो ओरडेपर्यंत. मग डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "बीचवाला मेला," ते त्यांच्या मिसळीच्या मराठीत म्हणाले. "इथला जिवंत हाय. इथून शिक. पहिल्यापासून."

दोन वर्षं लागली. कोपरा रोज फुटायचा, रोज रक्त यायचं, आई हळद लावायची. सूर आला तो वेगळाच होता. वर चढणं संपलं होतं. आता तो खालीच राहायचा, खरखरीत, अर्धा सूर अर्धी हवा. मध्ये लांब थांबायचा, इतका की वाजवणं संपलं असं वाटावं, आणि मग दोनच सूर असे टाकायचा की अंगावर फेकल्यासारखे बसावेत. पूर्वी लोक मागे वळून बघायचे. आता बोलायचं थांबायचे. मला पूर्वीचं जास्त आवडायचं. अंकल म्हणायचे की जॅझ हे आहे, ते आधीचं होतं ती नुसती अंगातली रग होती.

बँडमध्ये असलं वाजवणं कोण घेणार? पण दोन हजार सालानंतर गंगापूर धरणाकडे मोठी हॉटेलं झाली, मुंबईची माणसं शनिवार-रविवार येऊ लागली. अशाच एका हॉटेलात मी फुलांच्या सजावटीचं काम घेत होते. माझं लग्नही तोवर झालं होतं, नोंदणी पद्धतीने, बँड न लावता. मॅनेजरला मी सांगितलं की एकदा ऐका. त्याने ऐकलं, आणि रविवारी दुपारी पियानोवाल्याबरोबर भाऊ वाजवू लागला.

पहिल्याच महिन्यात एक फोटोवाला वाकून अगदी ट्रम्पेटच्या तोंडाशी कॅमेरा घेऊन गेला. भावाचे डोळे मिटलेले होते. सावली पडली आणि त्याने डोळे उघडायच्या आत हात चालवला. कॅमेरा फरशीवर, फोटोवाल्याच्या नाकातून रक्त. टेबलावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. भाऊ डाव्या हाताने ओठ झाकून धरून मागे मागे सरकत भिंतीला लागला.

मी मॅनेजरकडे गेले आणि लग्नातल्या त्या दणक्यापासून दवाखान्यापर्यंत सगळं सांगितलं. फोटोवालाही ऐकत होता, नाकाला रुमाल लावून. तो म्हणाला, "मग एवढ्या जवळ कुणाला जाऊच देऊ नका."

पुढच्या रविवारी मी निशिगंधाच्या मोठ्या कुंड्या आणल्या आणि भावाच्या समोर हातभर अंतर सोडून ओळीने मांडल्या. पाहुण्यांना ती सजावट वाटली. तो वाजवायला उभा राहिला, कुंड्यांकडे पाहिलं, एक कुंडी पायाने आणखी थोडी पुढे सरकवली. मग ट्रम्पेट तोंडाच्या कडेला लावला. वडील त्या दिवशी माझ्याबरोबर आले होते. आत बसायला तयार नव्हते. स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून त्यांनी सगळं ऐकलं, आणि घरी जाताना टेम्पोत मला एवढंच विचारलं की त्याचा ओठ अजून दुखतो का. मी म्हणाले, दुखतो.