पिक्चर न पाहिलेला निर्माता

दुकानात आले की काका आधी पंखा बंद करायचे. नमस्कार वगैरे नंतर.

"पंखा सगळा आवाज खातो," म्हणायचे आणि माझ्याच दुकानातल्या खुर्चीवर मला बसायची खूण करायचे.

गंगापूर रोडला माझं कानाच्या यंत्रांचं दुकान. नव्वदच्या दशकाचा मध्य, मे महिना, बाकावर तीन गिऱ्हाईकं घामानं निथळतायत आणि ब्याऐंशी वर्षांचे हे गृहस्थ बटणावर बोट ठेवून उभे. सातपूरच्या कारखान्यात प्रेस मशीनवर काम करून कान गमावलेला एक कामगार एकदा वैतागलाच. "ओ बाबा, लय उकडतंय!"

"दोन मिनिटं. शॉट होऊ द्या," काका शांतपणे म्हणाले. तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला.

काका बोलपटांच्या सुरुवातीच्या दिवसांतले नट. नाटक कंपनीत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचायचा म्हणून त्यांना स्टुडिओत घेतलं, आणि गेल्या गेल्या सांगितलं की हळू बोला. माइक एकच, तोही फुलझाडाच्या कुंडीत लपवलेला. बोलायचं ते कुंडीकडे तोंड करून. "पहिली चार वर्षं मी नायिकेवर नाही, कुंडीवर प्रेम केलं, ध्वनिमुद्रक," असं ते मला सांगायचे. मला ते ध्वनिमुद्रकच म्हणायचे. मी यंत्रांच्या वायरी जोडणारा माणूस, पण मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

राजपुत्र झाले, नायकाचे धाकटे भाऊ झाले, दोनदा नारद झाले. मग निर्माते झाले. पिक्चर एकच काढला. नायिका काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी.

काका-काकूंचं भांडण त्या पिक्चरवरून होतं. तोवर गाणं एकानं म्हणायचं आणि ओठ दुसऱ्यानं हलवायचे अशी सोय झाली होती. वितरक म्हणाला, बाईंचा आवाज बारीक आहे, नाव असलेली गायिका घ्या. काकांनी घेतली. मात्र गाण्याआधी नायिका विहिरीवर पाणी शेंदताना नुसतीच गुणगुणते, ते गुणगुणणं काकूंचंच ठेवायचं, असा त्यांनी शब्द दिला होता.

"ठेवलंय," काका म्हणायचे.

"नाही ठेवलं. मी थेटरात बसून पाहिलाय," काकू म्हणायच्या.

"तू रडत होतीस. तुला ऐकूच आलं नाही."

पन्नास वर्षं हे चाललं होतं. त्या पिक्चरनंतर काकू कधीही गायल्या नाहीत, देवापुढेसुद्धा. पिक्चरची एकही प्रत उरली नव्हती, त्यामुळे निकाल लागायचा काही प्रश्न नव्हता.

आणि एके दिवशी पुण्याहून टपालानं कॅसेट आली. त्या काळी चित्राची फिल्म वेगळी आणि आवाजाची वेगळी असायची. कुठल्याशा गोदामात जुने डबे तपासताना एका अभ्यासकाला काकांच्या पिक्चरच्या आवाजाचा डबा मिळाला होता, तो त्यानं कॅसेटवर उतरवून पाठवला होता. चित्र गेलं ते गेलंच. आवाज तेवढा राहिला.

काका कॅसेट घेऊन तडक दुकानात आले. माझ्याकडून घेतलेलं यंत्र वर्षभर कपाटात पडून होतं, ते त्या दिवशी सदऱ्याच्या खिशात होतं, वायर कानात. "आधी मी ऐकतो. मग तिला ऐकवतो," म्हणाले. पंखा मीच बंद केला.

मी टेपरेकॉर्डर लावला. खरखर, मग रहाटाचा करकर आवाज, बादली पाण्यावर आपटल्याचा आवाज. आणि थेट त्या नामवंत बाईंचं गाणं.

"आलं का? मला नाही आलं," काका म्हणाले. "बायकांचे आवाज मला कमी येतात, तूच सांगितलंयस."

मी मागे घेऊन पुन्हा लावलं. तीनदा लावलं. खोटं सांगावं असं मनात आलं होतं, पण घरी काकूंचे कान धडधाकट होते. म्हटलं, "काका, नाहीये."

त्यांनी स्वतःच टेप बंद केला. मग म्हणाले, "मी संकलकाला सांगितलं होतं रे. पण बघितलं नाही. निर्माता पिक्चर कुठे बघतो? मी दाराशी उभा राहून लोकांचे चेहरे बघत होतो. तिचा तेवढा बघितला नाही."

त्यांना एकटं सोडवेना. स्कूटरवर मागे बसवून मी घरी घेऊन गेलो. काकू मेथी निवडत होत्या. काका चपलाही न काढता त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"तुझंच खरं. नाहीये ते त्यात. मी शब्द पाळला नाही."

काकूंनी आणखी दोन काड्या निवडल्या. "हे म्हणायला पन्नास वर्षं लागली," म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "कसं होतं ते, आठवतं तरी का?"

काकांनी मान हलवली. नाही. ज्याच्यासाठी जन्मभर भांडले ते त्यांना आठवतच नव्हतं. मला त्या क्षणी त्यांची फार दया आली.

काकूंनी हात पुसले, त्यांना खाली बसवलं आणि गुणगुणायला लागल्या. जेमतेम अर्धं मिनिट. वर जाताना आवाज फाटला, तिथे थांबल्या, खाकरल्या आणि तीच जागा पुन्हा घेतली. काका खिशातल्या यंत्राची आवाज वाढवायची चकती फिरवत पुढे पुढे सरकत होते. मी तिथे उगाच थांबलो होतो असं वाटून हळूच निघालो.

त्यानंतर ते दुकानात यायचे ते फक्त बॅटरी न्यायला. पूर्वी वर्षभरात एकही बॅटरी लागली नव्हती, आता महिन्याला दोन लागायला लागल्या. दोन हजार साल उजाडलेलं त्यांनी पाहिलं आणि त्याच उन्हाळ्यात झोपेतच गेले.

तेरावं झाल्यावर काकू यंत्र परत करायला आल्या. "कुणाला उपयोगी पडेल," म्हणाल्या. मी डबी उघडली. चकती शेवटच्या आकड्यावर होती.

"रोज संध्याकाळी सहाला समोर येऊन बसायचे. रोज म्हणावं लागायचं," काकू म्हणाल्या.

उठताना त्या दाराशी थांबल्या.

"कालही सहाला म्हटलं मी. समोर कोणी नाही हे निम्मं झाल्यावर लक्षात आलं. मग म्हटलं, आता पुरंच करते."